पंढरपुरी, मुऱ्हा आणि मधली म्हस



"पंढरपुरीला मुऱ्हाची कांडी भरू का?" या पावसाळ्यात हा प्रश्न मला आठ-दहा जणांनी तरी विचारला. काही पाहुणेमंडळी, काही दूध संकलनावर भेटलेले, दोघे तर कृषी पदवीधर. प्रत्येकाला हो किंवा नाही एवढंच उत्तर पाहिजे होतं. मला ते एका शब्दात देता येत नाही. म्हणून आज जरा लांबण लावतो. म्हशीच्या जाती कशा झाल्या, मुऱ्हा आपल्याकडं कशी आली आणि शास्त्रज्ञांनी रक्त तपासलं तेव्हा काय निघालं, एवढं एकदा नीट कळलं की आपल्या गोठ्याचं उत्तर आपल्यालाच काढता येतं.

माझं रान मंगळवेढ्याच्या काळ्या पट्ट्यात. ज्वारी, करडई, हरभरा आणि कडब्यावर पोसलेली जनावरं. आज दावणीला सहा म्हशी आहेत. तीन पंढरपुरी, दोन अर्ध्या मुऱ्हा आणि एक पाऊण मुऱ्हा. म्हणजे या वादातल्या तिन्ही बाजू माझ्याच गोठ्यात बांधलेल्या आहेत. जे लिहितो ते पुस्तकातलं आणि या सहा जणींच्या वहीतलं, दोन्ही मिळून.

म्हस आली कुठून

गायीच्या बाबतीत आपण जर्सी, होल्स्टिन अशा परदेशी रक्ताकडं बघतो. म्हशीच्या बाबतीत उलटं आहे. दुधाची म्हस ही आपल्याच उपखंडाची देणगी. रानम्हशीला माणसानं इथं, उपखंडाच्या पश्चिम भागात, सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी दावणीला आणलं असं जनुकांच्या अभ्यासातून दिसतं. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर म्हस कोरलेली आहे. पुढं इराककडच्या अक्कडच्या राजांच्या काळात, म्हणजे सुमारे ४३०० वर्षांपूर्वी, तिकडच्या मुद्रांवरही ती दिसायला लागते. ती सिंधूच्या बाजूनं गेली असावी असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे.

जगात पाळीव म्हशींचे दोन मोठे गट आहेत. एक नदीकाठची म्हस, एक दलदलीतली म्हस. आपली मुऱ्हा, पंढरपुरी, जाफराबादी, सगळ्या नदीच्या गटातल्या. चीन, व्हिएतनाम, फिलिपिन्सच्या भातखाचरात औताला चालते ती दलदलीची. आपल्या आसाममधली लुईतही त्याच गटातली. दिसायला दोन्ही म्हशीच, पण आत फरक आहे. नदीच्या म्हशीत गुणसूत्रं ५०, दलदलीच्या म्हशीत ४८. दोघींचा संकर केला की पिलात ४९ येतात. जोडी नीट जुळत नसल्यामुळं अशा संकराच्या प्रजननात, खास करून रेड्यांच्या बाबतीत, अडचणी येतात. तरी फिलिपिन्सनं आणि चीननं दुधासाठी हा संकर केलाच. चीननं १९५७ मध्ये भारतातून मुऱ्हा नेली, १९७४ मध्ये पाकिस्तानातून नीली-रावी नेली. बल्गेरियानं आपली मुऱ्हा नेऊन तिथल्या म्हशीवर वापरली आणि बल्गेरियन मुऱ्हा नावाची वेगळी जात केली. ब्राझीलची मुऱ्हाही इथलीच.

सांगायचा मुद्दा हा, की म्हशीच्या सुधारणेसाठी लागणारं बियाणं जगाला आपण पुरवलं. २०१९ च्या पशुगणनेत देशात १० कोटी ९८ लाख म्हशी होत्या, जगातल्या निम्म्याहून जास्त. त्यात महाराष्ट्राच्या ५६ लाखांच्या आसपास. एवढा मोठा साठा हातात असताना त्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे आपणच ठरवायचं आहे. बाहेरून कुणी आणून देणार नाही.

जात कशी घडली

म्हशीची जात कुणा राजानं हुकूम काढून केलेली नाही. रान, वैरण आणि गिऱ्हाईक या तिघांनी मिळून केली.

रोहतक, हिस्सार, जिंदचा पट्टा बघा. गहू, हरभरा, चारा मुबलक, शेजारी दिल्लीसारखं गिऱ्हाईक. तिथं अंगानं भरलेली, काळीभोर, मोठ्या कासेची म्हस निवडली गेली. शिंगं जिलबीसारखी मुरडलेली, त्यावरूनच मुऱ्हा हे नाव पडलं म्हणतात. गीरच्या रानात मालधाऱ्यांनी जाफराबादी सांभाळली, कपाळ दांडगं आणि देह अवजड. मही आणि साबरमती या दोन नद्यांच्या मधल्या प्रदेशात सुरती झाली, आकारानं मध्यम, खायला बेताची, दुधाला दाट. विदर्भातल्या नागपुरीला उन्हाचा तडाखा सोसावा लागला आणि तिच्या रेड्यांना ओझ्याचं कामही करावं लागलं. पूर्णा नदीच्या खोऱ्यातली भुरी म्हस तर पिढ्यान्‌पिढ्या लोक ओळखत होते, पण पूर्णाथडी म्हणून तिची सरकारदरबारी नोंद अलीकडच्या वर्षांत झाली.

आता आपली पंढरपुरी. सोलापूर, सांगली, कोल्हापूर हा तिचा मुलूख. शिंगं तलवारीसारखी, खांद्याच्या मागं जाणारी, काहींची तर पार पुठ्ठ्यापर्यंत. चेहरा लांबट, अंग मुऱ्हाच्या मानानं हलकं. एक टोक माणदेशाच्या दुष्काळी रानात आणि दुसरं टोक कोल्हापूरच्या दूध कट्ट्यावर, असा तिचा संसार. मधे दुवा गवळ्यांचा.

कोल्हापूरचा कट्टा ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गंगावेशीसारख्या ठिकाणी गवळी म्हशी घेऊन येतात, गिऱ्हाईक समोर उभं असतं, चरवीत धार काढायची आणि फेसासकट धारोष्ण दूध तिथंच प्यायचं. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, १८९४ ते १९२२ या काळात, कुस्तीला राजाश्रय मिळाला, १९१२ मध्ये खासबागचं मैदान झालं. तालमींच्या या गावात ताज्या दुधाला कधी तोटा पडला नाही. आजही दिवाळीच्या पाडव्याला तिथले गवळी म्हशी सजवून मिरवतात आणि धन्याच्या मोटरसायकलमागं म्हस पळत जाते.

हे कौतुकाचं झालं. पण निवडीच्या नजरेनं बघा. म्हशीच्या सडात आणि सडावरच्या पोकळीत दूध फार थोडं साठतं. जवळजवळ सगळं दूध वर कासेच्या गाठीत असतं आणि पान्हा सुटल्याशिवाय ते खाली येत नाही. घाबरलेली म्हस पान्हा चोरते. भर रस्त्यात, गाड्यांच्या आवाजात, अनोळखी माणसांच्या घोळक्यात पान्हा सोडणारी म्हस ही साधी गोष्ट नाही. जी म्हस कट्ट्यावर अडली ती गवळ्यानं विकली, जी सुटली तिची रेडी ठेवली. हे किती पिढ्या चाललं असेल! कागदावर नोंद नाही, पण निवड पक्की. माझा अंदाज असा, की पंढरपुरीचा गरीब स्वभाव आणि हाताखाली लवकर पान्हा सोडण्याचा गुण इथूनच पक्का झाला. कोल्हापूरच्या एका म्हाताऱ्या गवळ्याला मी मुऱ्हाबद्दल विचारलं तर म्हणाले, "पाहुणं, दूध ती जास्ती देती, मी न्हाय कुठं म्हणतोय? पर हितं रस्त्यावर हुभी ऱ्हाऊन देती का, त्ये सांगा."

मुऱ्हाची लाट

मुऱ्हा महाराष्ट्रात आली ती आधी मुंबईसाठी. मुंबईच्या तबेल्यांना जास्तीत जास्त दूध देणारी म्हस पाहिजे होती. उत्तरेतून आणि गुजरातेतून नुकत्या व्यालेल्या, निवडक म्हशी मुंबईला यायच्या. १९४९ मध्ये शहरातले तबेले हलवण्यासाठी गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली, पण हिशोब तोच राहिला. जागा महाग, वैरण विकतची, त्यामुळं भाकड म्हस पोसणं परवडत नाही. एक वेत पिळायचं आणि आटली की कसायाकडं. रेडकाला पाजण्यापेक्षा दूध विकलेलं बरं, म्हणून रेडकूही जगायचं नाही.

याचा आनुवंशिक अर्थ काय झाला? मुलखातली सगळ्यात चांगली म्हस निवडायची, शहरात न्यायची आणि तिचा वंश तिथंच थांबवायचा. शेतकरी बियाण्यासाठी सगळ्यात टपोरं कणीस राखून ठेवतो. इथं टपोरं तेवढं दळून खाल्लं आणि लोंबी-लोंबी पेरायला ठेवली. वर्षानुवर्षं हे झालं.

दरम्यान म्हशीच्या दुधाचं मोलही वाढत गेलं. १९४६ मध्ये खेडा जिल्हा संघ झाला, त्यांचं दूध मुंबईला जायला लागलं. म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही असं परदेशी जाणकार म्हणायचे, ती आणंदला हरिचंद दलाया यांनी करून दाखवली आणि १९५५ मध्ये कारखाना सुरू झाला. १९७० मध्ये दुधाचा महापूर योजना आली. गावोगाव संकलन सुरू झालं, फॅटवर पैसे मिळायला लागले. लिटर आणि फॅट, दोनच आकडे पावतीवर आले आणि म्हशीची किंमत त्या दोन आकड्यांत मोजली जायला लागली. पुढं एसएनएफ आला, एवढाच बदल.

तिसरी गोष्ट रेतनाची. भारतात कृत्रिम रेतनाची सुरुवात १९३९ मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या डेअरी फार्मवर झाली. रेतनातून म्हशीचं पहिलं रेडकू १९४३ मध्ये अलाहाबादच्या कृषी संस्थेत जन्मलं. नंतर गोठवलेल्या रेतमात्रा आल्या. आपल्याकडं १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला बाएफ सुरू केली. त्यांचा भर आधी गायींच्या संकरावर होता, पण डॉक्टर नायट्रोजनचं भांडं घेऊन दारात येतो ही सवय अशाच कामातून गावाला लागली. म्हशीसाठी या भांड्यात बहुतेक वेळा असते मुऱ्हा.

यात कुणाची लबाडी नाही. धोरण असं आहे, की जिला ठरावीक जात नाही अशी गावठी म्हस मुऱ्हानं सुधारावी आणि पंढरपुरी, नागपुरी यांसारख्या ओळखल्या गेलेल्या जाती त्यांच्या मुलखात शुद्ध निवडीनं वाढवाव्यात. कागदावर हे अगदी बरोबर आहे. पण गोठ्यात काय होतं? म्हस रात्री माजावर येते, तीही मुक्या माजाची. सकाळी फोन करायचा. माज निघून जायच्या आत जी कांडी मिळेल ती भरायची. माझ्याकडं गेल्या तीन वर्षांत पंढरपुरीची कांडी मागितल्यावर निम्म्या वेळा तरी "आज शिल्लक नाही, मुऱ्हा आहे, भरू का?" हेच ऐकायला मिळालं. शेतकरी हो म्हणतो, कारण माज हुकला तर एकवीस दिवस गेले.

संकराची झाली जात: मेहसाणा

संकर म्हटलं की जात बुडाली असं समजणाऱ्यांनी मेहसाणा म्हस बघावी. उत्तर गुजरातेत सुरती आणि मुऱ्हा यांच्या मिश्रणातून ही म्हस झाली. सुरतीचा काटकपणा, नियमित वेत आणि मुऱ्हाचं दूध असा मेळ लोकांना मानवला आणि आज ती मान्यता असलेली स्वतंत्र जात आहे. म्हणजे "शुद्ध" हा शब्द जपून वापरायला पाहिजे. आज शुद्ध म्हणतो ती जातही कधीतरी कुठल्या तरी दोन मिश्रणांतून निघाली असणार.

मग मेहसाण्याला जमलं ते इथंही आपोआप जमेल का? फरक लक्षात घ्या. तिथं मिश्रण झाल्यावर लोकांनी त्या मधल्या म्हशींतूनच पुढं रेडे निवडले, पिढ्यान्‌पिढ्या. नंतर दूध संघांनी मुलींच्या दुधावरून रेड्याची परीक्षा करायची पद्धत बसवली. संकर एकदा झाला, निवड कायम चालू राहिली. आपल्याकडं संकर कायम चालू आहे आणि निवड कुणीच करत नाही.

रक्ताच्या तपासणीत काय निघालं

आता मुख्य गोष्टीकडं येतो. २००६ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भदावरी, जाफराबादी, मेहसाणा, मुऱ्हा, नागपुरी, पंढरपुरी, सुरती आणि निलगिरीतली तोडा, अशा आठ जातींच्या म्हशी घेऊन त्यांनी गुणसूत्रांवरच्या २७ जागा तपासल्या. त्यातली दोन अनुमानं प्रत्येक म्हसवाल्यानं गोठ्यात लिहून ठेवावीत अशी आहेत.

पहिलं. या आठांपैकी तीन जाती स्वतंत्र वंश म्हणून वेगळ्या उठून दिसल्या. तोडा, जाफराबादी आणि आपली पंढरपुरी. उरलेल्या पाच, त्यात मुऱ्हासुद्धा आली, एकमेकींत मिसळलेल्या निघाल्या. तोडा वेगळी असणार हे समजण्यासारखं आहे. डोंगरावर एका जमातीनं राखलेली, संख्या थोडी. ती इतर जातींपासून अठराशे ते सत्तावीसशे वर्षांपूर्वी वेगळी झाली असावी असा त्यांचा हिशोब. जाफराबादी गीरच्या कोपऱ्यात राहिली. पण आपल्या दावणीची पंढरपुरी, जिला बाजारात मुऱ्हाच्या निम्मा भाव सांगतात, ती स्वतंत्र वंश निघावी हे फार थोड्यांना माहीत आहे. नुसतं शिंगावरून आणि मुलखावरून केलेलं जातींचं जुनं वर्गीकरणही या तपासणीत टिकलं नाही.

दुसरं अनुमान जास्त कामाचं. कुठल्याही दोन जाती घेतल्या तर त्यांच्यातल्या एकूण आनुवंशिक फरकापैकी जातीजातींमधला वाटा पाऊण टक्क्यापासून सहा टक्क्यांपर्यंतच होता. उरलेला ९४ टक्क्यांहून जास्त फरक जातीच्या आत, म्हणजे एकाच जातीच्या एका म्हशीत आणि दुसऱ्या म्हशीत.

हे वाचून काही जण म्हणतील, मग जातीला अर्थच काय? अर्थ आहे. तो सहा टक्क्यांपर्यंतचा वाटा शिंगात, रंगात, अंगलटीत दिसतो, आणि शेकडो वर्षांच्या निवडीनं पक्के झालेले थोडे पण मोलाचे गुणही त्यात असू शकतात. ते एकदा पुसले की परत आणता येत नाहीत. पण दूध वाढवायचं असेल तर लागणारा बहुतेक फरक आपल्याच जातीच्या आत पडून आहे. तो कुणी मोजत नाही म्हणून दिसत नाही.

माझ्या वहीतलं उदाहरण देतो. दोन पंढरपुरी, दोघी एकाच गावच्या, वैरण एकच, पेंड एकच, दोघी तिसऱ्या वेतात. एकीचं भर दुधातलं दिवसाचं माप नऊ लिटर, दुसरीचं साडेपाच. एवढा फरक सगळा आनुवंशिक नसतो. दुधाच्या उत्पादनातल्या फरकाचा साधारण चौथा हिस्सा वंशाचा धरतात, बाकी वैरण, आजार, वेत, हवामान यांचा. तरीसुद्धा तो चौथा हिस्साच पिढ्यान्‌पिढ्या साचत जातो. मंगळवेढ्याच्या माणसाला हे मालदांडीवरून लगेच कळेल. मालदांडी ३५-१ ही ज्वारी बाहेरून आणलेली नव्हे. मोहोळच्या केंद्रावर देशी मालदांडीतूनच निवडून काढली आणि आजही रब्बीत तिची जागा पक्की आहे. म्हशीच्या बाबतीत आपण ती निवड केलीच नाही.

अर्धी, पाऊण, पंधरा आणे

आता संकराचा हिशोब. पंढरपुरीला मुऱ्हा भरली की रेडी अर्धी मुऱ्हा. तिला परत मुऱ्हा भरली की पाऊण. पुढं साडेसत्त्याऐंशी टक्के, मग पंधरा आणे, आणि पाचव्या पिढीला जवळजवळ ९७ टक्के. म्हशीची एक पिढी पाच-सहा वर्षांची धरली तर पंचवीस-तीस वर्षांत खेळ संपला. म्हणजे ज्या माणसानं पहिली कांडी भरली त्याच्याच डोळ्यांदेखत त्याच्या गोठ्यातली पंढरपुरी संपते. ती गोठ्यागोठ्यात, एकेका पावतीनं, गुपचूप संपते.

दूध वाढतं का? वाढतं. माझ्या दोन्ही अर्ध्या मुऱ्हा आईपेक्षा दिवसाला दीड-दोन लिटर जास्त देतात. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तीन गोष्टी त्यासोबत मांडल्या पाहिजेत.

एक, देह वाढतो. म्हस रोज वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडा चारा-खुराक खाते. शंभर किलो जास्त वजनाची म्हस रोज अडीच-तीन किलो जास्त खाणार, आटलेली असली तरी. वर्षाला हे टनाच्या जवळ जातं. ज्याच्याकडं बागायत आहे, ऊस-मका आहे, त्याला ते झेपतं. ज्याचा कडबा शिमग्यालाच संपतो त्यानं आधी गंजीचा हिशोब करावा.

दोन, संकराचा जोम. गायीत देशीला होल्स्टिन लावल्यावर पहिल्या पिढीत जी मोठी उडी दिसते, ती दोन अगदी लांबच्या वंशांच्या भेटीमुळं. पंढरपुरी वेगळी असली तरी मुऱ्हाची तेवढी लांबची नाही. दोघी नदीच्या म्हशी, फरक मघाशी सांगितला तेवढाच. त्यामुळं इथं निव्वळ जोमाची उडी फार मोठी धरू नये. जे वाढतं ते बहुतेक त्या रेड्याच्या गुणामुळं. रेडा चांगला असेल तर वाढेल. नुसतं "मुऱ्हा" नाव असलेला, परीक्षा न झालेला रेडा असेल तर वाढेलच असं नाही.

तीन, आणि हे सगळ्यात दुर्लक्षित. अर्ध्या मुऱ्हा म्हशी एकमेकींसारख्या निघतात. शिंगं मागं जाऊन टोकाला वळलेली, दुधाला साधारण सारख्या. लोकांना वाटतं जात बसली. म्हणून कुणीतरी अर्धाच रेडा गावात सोडतो. अर्ध्याला अर्धी मिळाली की पत्ते परत पिसले जातात. एक रेडी आजीवर जाते, एक आजोबावर, एक कुणावरच नाही. फरक एकदम वाढतो आणि शेतकरी म्हणतो, "आवो, हिची आय चांगली हुती, हिला काय झालं?" हिला काही झालेलं नाही. पुढच्या पिढीची निवड न करता मधल्या रेड्यावर भिस्त ठेवली की हेच होणार.

खरा धोका: एकच रेडा

शुद्ध ठेवायच्या नादात दुसऱ्या बाजूचा खड्डाही आहे. गावात एकच पंढरपुरी रेडा असेल आणि सात-आठ वर्षं तोच चालत असेल, तर तो स्वतःच्या मुलींवरही जातो. बाप-मुलीच्या जोडीतून झालेल्या रेडकात सगोत्रतेचं प्रमाण २५ टक्के येतं, सावत्र भावंडांच्या जोडीतून साडेबारा. गाभ न राहणं, रेडकू अशक्त निघणं, वाढ खुंटणं हे त्याचे परिणाम. मग नाव होतं, "पंढरपुरीत दम राहिला नाही." दम जातीत आहे, रेड्यांची संख्या कमी पडते आहे. कांडीतही हा धोका आहेच. एका रेड्याच्या हजारो रेतमात्रा होतात. रेडा नंबर बघितला नाही तर आईला आणि लेकीला एकच रेडा भरला जातो आणि कुणाला पत्ता लागत नाही.

यावर काम झालेलंच नाही असं नाही. राष्ट्रीय डेअरी योजनेच्या पहिल्या टप्प्यात पंढरपुरीसाठी वंशावळीवरून रेडे निवडायचं काम घेतलं गेलं. कर्नालच्या संस्थेत जातींची नोंद होते, हिस्सारला म्हशीसाठी वेगळी संशोधन संस्था १९८५ पासून आहे. आणि ५ ऑक्टोबर २०२४ ला आपल्याच वाशिममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते गायीसाठी गौ चिप आणि म्हशीसाठी महिष चिप जाहीर झाली. या चिपवर रेडकाचा नमुना तपासून, ते मोठं व्हायच्या आधीच त्याच्या गुणांचा अंदाज बांधता येतो.

पण चिप आपल्या आपण काही सांगत नाही. जनुकांचा नमुना आणि खऱ्या म्हशीचं खरं दूध, दोन्ही हजारोंनी जुळवले तरच अंदाज बसतो. मुऱ्हाच्या नोंदी हरियाणात कितीतरी वर्षांच्या आहेत. पंढरपुरीच्या नोंदी कुणाकडं आहेत? तुमच्या-माझ्या गोठ्यात, आणि त्याही बहुतेक तोंडी. तंत्रज्ञान आलं तरी ज्या जातीची वही भरलेली तिलाच त्याचा फायदा आधी होणार. पंढरपुरी मागं पडली तर ती दुधात कमी म्हणून जितकी पडेल, त्याहून जास्त ती मोजली गेली नाही म्हणून पडेल.

मग भरायचं काय

मी माझ्या गोठ्यात काय ठरवलंय ते सांगतो. पटलं तर घ्या.

१. तीन पंढरपुरींपैकी दुधाला आणि स्वभावाला ज्या दोन चांगल्या आहेत त्यांना पंढरपुरीचीच कांडी किंवा खात्रीचा पंढरपुरी रेडा. माज ओळखायचा पक्का दिवस धरून डॉक्टरांना आधीच सांगून ठेवतो. एक माज हुकला तरी चालेल.

२. अर्ध्या आणि पाऊण म्हशींना मुऱ्हाच, पण मुलींच्या दुधावर परीक्षा झालेल्या रेड्याची. त्यांना परत पंढरपुरीकडं वळवून गोंधळ करत नाही.

३. अर्धा रेडा पैदाशीला ठेवायचा नाही, कुणी कितीही कौतुक केलं तरी.

४. प्रत्येक रेतनाची पावती जपायची. तारीख, जात, रेडा नंबर. रेडी माजावर आली की आधी तिच्या बापाचा नंबर बघायचा, तो सोडून दुसरा मागायचा.

५. महिन्यातून एक दिवस, ठरलेल्या तारखेला, दोन्ही वेळचं दूध मोजून कानातल्या बारा आकडी बिल्ल्याच्या नंबरासमोर लिहायचं. फॅट पावतीवरून. व्यायची तारीख आणि आटायची तारीख. बस्स, एवढंच. वर्षाला बारा ओळी एका म्हशीच्या.

६. म्हस विकताना ही वही दाखवायची आणि तिच्या जोरावर भाव मागायचा. गेल्या वर्षी एक पहिलारू रेडी आईच्या तीन वेतांच्या आकड्यांवर बाजारभावापेक्षा चांगल्या दरानं घरातून गेली.

ज्याची म्हस कुठल्याच जातीची नाही, पाणी आहे, वैरण आहे, त्यानं खुशाल मुऱ्हा भरावी. ज्याच्या दावणीला चांगली पंढरपुरी आहे त्यानं निदान एका म्हशीचा वंश सरळ ठेवावा. एका गावात अशी वीस घरं निघाली आणि चार वेगवेगळे रेडे राखले, तर ती जात त्या गावापुरती तगली म्हणून समजा.

सांगोला, मंगळवेढा, जत, कवठेमहांकाळ या बाजूला कुणाकडं आई-आजीचं दूध माहीत असलेला पंढरपुरी रेडा असेल तर कळवा. फोटो नको, आईची वही पाठवा. वही नसेल तर या एक तारखेपासून सुरू करा, पुढच्या वेताला आपल्याला बोलायला काहीतरी असेल.